चार मिलिमीटर

प्रदर्शनातल्या आकाशपाळण्याच्या फाटकापाशी त्या गुरुवारी संध्याकाळी सत्तावीस मुलं होती. त्यांतली एकोणीस आत गेली आणि आठ परत फिरली. परत फिरलेल्या आठांपैकी सात जण रडत होते. आठवी रडत नव्हती. ती शरदची पुतणी कुमुदिनी, वय वर्षं सहा, महिने दोन.

हे आकडे शरदने स्वतः मोजले होते, म्हणून ते बरोबर आहेत. शरद बी. एस्सी. होता, पदार्थविज्ञान घेऊन, पहिल्या वर्गात. आणि आठ महिन्यांपासून इंदूरच्या नापतौल दफ्तरात निरीक्षक होता. शेर-छटाक जाऊन किलो आले, गज-फूट जाऊन मीटर आले, त्या दिवसांतली ही गोष्ट. दुकानदार शरदला पाहिला की काट्याखालचा चुंबक काढून खिशात टाकत, आणि शरद गेला की पुन्हा लावत. एवढी त्याची जरब होती.

फाटकापाशी एक लाकडी फळी उभी होती. फळीवर पितळेची आडवी पट्टी, पट्टीशेजारी लिहिलेलं : ‘१ मीटर. इससे कम ऊँचाई के बच्चों को मनाही है.’ मूल अनवाणी फळीला टेकायचं, डोकं पट्टीला लागलं तर आत, नाही तर बाहेर. कुमुदिनी टेकली. तिच्या डोक्याच्या आणि पट्टीच्या मध्ये दहा-बारा पोस्टकार्डं एकत्र आडवी सरकतील एवढी फट राहिली. पाळण्याचा मालक घीसालाल म्हणाला, “बेटा, अगले साल आना.” कुमुदिनीने सँडल हातात घेतले आणि ती तशीच अनवाणी मैदानाबाहेर चालत आली.

शरद तिच्या मागून चालत होता. त्याच्या मनाला जे टोचत होतं ते असं, की ती पट्टी त्यानेच बसवली होती.

झालं होतं ते इतकंच. प्रदर्शन भरलं तेव्हा घीसालालच्या फळीवर जुनी तीन फुटांची खूण होती. परवान्यात मात्र नव्या हुकमाप्रमाणे ‘एक मीटर’ आलं होतं, कारण कुणा कारकुनाने तीन फुटांचा सरळ एक मीटर करून टाकला होता. घीसालालनेही मग जुन्या खुणेपुढे खडूने ‘१ मीटर’ लिहून घेतलं. आता तीन फूट म्हणजे एक्क्याण्णव सेंटीमीटर, चार मिलिमीटर. प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी तपासणीला गेलेल्या शरदला हे पाहून जो धक्का बसला, तो तुम्हाआम्हाला घरात चोर शिरल्यावर बसतो तसा. त्याने पट्टी उचलून खऱ्या एक मीटरवर ठोकली, शिशाची मोहर लावली आणि वहीत नोंद केली : ‘चूक आढळली. दुरुस्त केली.’ त्या रात्री त्याला गाढ झोप लागली. इंदूरमध्ये एक्क्याण्णव आणि शंभर सेंटीमीटरच्या मध्ये किती मुलं राहतात, हा प्रश्न तेव्हा त्याला पडला नाही.

“एवढी पट्टी वर कशाला सरकवायची होती, भाऊजी?” घरी आल्यावर रमावहिनींनी विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

“वहिनी, ती चुकीची होती.”

“हो, ते बरोबरच आहे म्हणा,” वहिनी म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला गेल्या.

कुमुदिनी जेवली नाही. ओसरीच्या पायरीवर बसून राहिली. शरद शेजारी बसला. ती म्हणाली, “काका, वरून मानपूर दिसतं का?”

तेव्हा कुठे शरदच्या डोक्यात प्रकाश पडला. कुमुदिनीचे वडील, म्हणजे शरदचा थोरला भाऊ दिवाकर, सडक खात्यात होता आणि मानपूरला राहत होता. दर रविवारी मोटारीने घरी यायचा. पण घाटात रस्त्याचं काम निघालं आणि तीन रविवार तो येऊ शकला नव्हता, चौथाही रिकामाच जाणार होता. शाळेतल्या मैत्रिणींनी सांगितलं होतं की पाळण्यातून पार मुंबईपर्यंत दिसतं. मुंबईची कुमुदिनीला गरज नव्हती. तिला अलीकडेच उतरायचं होतं.

शरदने पायरीवरच कागद-पेन्सिल घेतली. पृथ्वीची गोलाई, पाळण्याची उंची साठ फूट, मध्ये चढ-उतार. अर्ध्या तासाने तो म्हणाला, “मानपूर गाव नाही दिसणार. पण मानपूरच्या अलीकडे जानापावचा डोंगर आहे, तो दिसेल. हवा स्वच्छ पाहिजे.”

“बाबांना तो डोंगर दिसतो?”

“त्यांना तर रोज दिसतो.”

“मग चालेल,” कुमुदिनी म्हणाली. “तू नेशील मला?”

“नेईन,” शरद म्हणाला. “शब्द.”

पदार्थविज्ञानात पहिला वर्ग मिळालेला माणूस असा शब्द कसा देऊन बसतो, हे विज्ञानालाही सांगता येणार नाही. प्रदर्शन रविवारी संपणार होतं. आणि शुक्रवारी सकाळी तो उठायच्या आत वहिनींनी मानपूरला पोस्टकार्ड टाकूनही दिलं : ‘रविवारी संध्याकाळी साडेपाच वाजता कुमुद आकाशपाळण्यातून जानापावकडे पाहून हात हलवणार आहे. तुम्हीही तिकडे पाहून हलवावा.’ आता माघार घ्यायची तर टपालखात्यालाच गाठावं लागलं असतं.

शुक्रवारी शरदने रीतसर मार्ग धरला. परवान्याच्या दफ्तरात जाऊन अर्ज दिला, की मुळात तीन फूट असताना एक मीटर लिहिलं गेलं, तरी एक्क्याण्णव सेंटीमीटर, चार मिलिमीटर अशी दुरुस्ती व्हावी. कारकुनाने अर्ज दोनदा वाचला.

“लेकिन साहब, ये पट्टी ऊपर करने का रिपोर्ट भी तो आपका ही है.”

“हो. तो रिपोर्ट बरोबर आहे. परवाना चूक आहे.”

“तो फाइल भोपाल जाएगी.”

“कधी येईल?”

कारकुनाने त्याच्याकडे मायेने पाहिलं. राजधानी भोपाळला गेल्यापासून इंदूरचं जे जे तिकडे गेलं, ते परत आलेलं त्याने तरी पाहिलं नव्हतं.

तोवर बातमी आळीत पोचली होती. तुकोगंजात शरदच्या घराला लागून द्वारकाबाई राहत. त्यांचा नातू शाम हा परत फिरलेल्या आठांपैकी एक, आणि रडलेल्या सातांपैकी सगळ्यात मोठ्या आवाजाचा. त्या दुपारीच आल्या.

“शरद, पोरीला जोडे घाल उंच टाचेचे.”

“अनवाणी मोजतात, काकू.”

“तर मग केसांत कापूस ठेव. वरून वेणी. किसको पता चलता है?”

“मला कळेल ना.”

“अरे बापरे!” द्वारकाबाई वहिनींकडे वळल्या. “हा असाच आहे का गं लहानपणापासून?” मग पुन्हा शरदला : “बरं, रोज सकाळी जांबाच्या फांदीला लटकव. आमच्या धाकट्याला लटकवायचो. देख लो, आता दारातून वाकून जातो.”

“किती दिवस लटकवलं होतं?”

“चार वर्षं.”

शरदने मनातल्या मनात रविवारपर्यंतचे तास मोजले. पलीकडचे चिंतामणराव निवृत्त हेडमास्तर. त्यांनी कुंपणावरून सुचवलं, की कलेक्टरसाहेबांना इंग्रजीत एक अर्ज करावा, मसुदा ते करून देतील, त्यात ‘ह्यूमिलिएशन’ हा शब्द अवश्य घालावा. आणि शरदचे वडील अप्पासाहेब, ज्यांनी संस्थानाच्या मोजणीखात्यात एकतीस वर्षं काढली होती, त्यांनी कपाटातून आपला जुना पितळी गज काढून ओसरीवर आपटला.

“या गजाने मोज! होळकरांच्या राज्यात या गजाने पोर कधी कमी भरलं नव्हतं. तुमचा मीटर आला आणि माझी नात आखूड झाली!”

संध्याकाळी शरदने दफ्तरातली प्रमाण मीटरपट्टी घरी आणली. दाराची चौकट वापरायची तर पुढची फरशी झिजून खोलगट झाली होती, म्हणून त्याने देवघराची भिंत निवडली, तिथे ओळंबा लावून घेतला, कुमुदिनीच्या डोक्यावर काटकोन्या ठेवला. नव्याण्णव सेंटीमीटर, सहा मिलिमीटर. चार मिलिमीटर कमी. तांदळाचे दोन दाणे एकावर एक आडवे ठेवले की जितकी जाडी होईल, तितकं.

शनिवारी सकाळी कुमुदिनी उठली ती डोळे चोळत थेट त्या भिंतीला जाऊन टेकली. “काका, मी झोपेत वाढले असेन. बघ.”

शरदने तिचं मन राखायला मोजलं. शंभर सेंटीमीटर, चार मिलिमीटर.

त्याने आधी पट्टीवर संशय घेतला. मग ओळंब्यावर. मग स्वतःवर. पुन्हा मोजलं, तेच. दर तासाला मोजत राहिला : दहाला शंभर-एक, बाराला नव्याण्णव-नऊ, चारला नव्याण्णव-सात. त्याच दिवशी त्याने घरातली, शेजारची, दिसतील ती सगळी माणसं सकाळ-संध्याकाळ मोजली. सगळीच कमी होत होती. आणि कॉलेजात कुठेतरी वाचलेलं आठवलं : पाठीच्या मणक्यांमध्ये मऊ चकत्या असतात, माणूस दिवसभर उभा राहिला की त्या दबतात, रात्री आडवा झाला की फुगतात.

“म्हणजे मी संध्याकाळी बुटका होतो?” अप्पासाहेबांचा चेहरा लाल झाला.

“अकरा मिलिमीटर, अप्पा.”

“दरबार नेहमी संध्याकाळी भरत असे! एकतीस वर्षं मी महाराजांसमोर संध्याकाळचा उभा राहिलो! आणि तू आत्ता सांगतोस?”

पण शरदचं लक्ष नव्हतं. त्याची वही भरली होती. चौदा माणसं, एकशे नऊ मोजण्या; आणि दिवसा उभ्याने उंची कमीच होते, वाढत कधी नाही, या नियमाला एकही अपवाद सापडला नव्हता. शाम बिचारा त्र्याण्णव भरला, त्याला कुठलीही चकती वाचवू शकत नव्हती. शरदने ते द्वारकाबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी त्याला एक लाडू दिला आणि शामला दोन. कुमुदिनीला मात्र वाट होती. प्रदर्शन उघडायचं संध्याकाळी चारला. तोवर तिला उभंच राहू द्यायचं नाही.

असा तो रविवार उजाडला. कुमुदिनीला सकाळी अंथरुणातच सांगितलं, की आज उठायचं नाही. तिने विचारलं, “शाळा नाही, अभ्यास नाही, आणि झोपूनच राहायचं?” आणि हा काका आपल्याला देवानेच दिला, अशा नजरेने पाहिलं. तासाभरात तिचं मत बदललं. आडवं पडून खाल्लेली पोहे-जलेबी कानात जाते, हे तिला प्रयोगाने कळलं. अप्पासाहेबांनी तिला घोड्यावर बसून केलेल्या मोजणीच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या, त्यांतल्या दोन खऱ्या होत्या. अपरिहार्य कारणासाठी तिला दोनदा उठावं लागलं. शरदने घड्याळ लावून प्रत्येक वेळी एक मिलिमीटर वजा धरला.

साडेतीनला नंदरामचा भाजीचा ठेला दाराशी आला. ठेल्यावर गादी, गादीवर कुमुदिनी, तिच्यावर ऊन लागू नये म्हणून पांढरी चादर. शरद डोक्याशी. अप्पासाहेब पुढे, पगडी घालून, कारण प्रदर्शनाला जायचं होतं. मागे वहिनी, त्यांच्या कडेवर शाम, आणि द्वारकाबाई. द्वारकाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, कारण ठेल्यावर सकाळपर्यंत कांदे होते. चिंतामणराव इंग्रजी अर्ज हातात घेऊन खाली मान घालून चालत होते. “भिया, आस्ते-आस्ते,” शरद नंदरामला सांगत होता, “धक्का नको लागायला.”

पलासियाच्या रस्त्यावर धूळ उडत होती. कुमुदिनीने चादर तोंडावर ओढून घेतली.

यापुढे जे झालं त्यात कुणाची चूक म्हणता येणार नाही. आधी एक सायकलवाला खाली उतरला. मग पानवाल्याने रेडिओ बंद केला. मग लोक टोप्या काढून मागून चालू लागले. निघाले तेव्हा नंदराम धरून सगळे मिळून आठ जण होते. पलासियाच्या चौकात शरदने मागे वळून पाहिलं तर तेवीस. त्याला वाटलं, सगळे प्रदर्शनालाच निघालेत. एक वृद्ध गृहस्थ त्याच्या शेजारी आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“कितने साल की थी, भैया?”

“छह साल, दो महीने,” शरदने अचूक सांगितलं.

“हे राम. क्या हो गया था?”

“चार मिलीमीटर कम पड़ रही थी.”

नवीन काही दुखणं असावं, असं गृहस्थांना वाटलं असणार. तेवढ्यात चादरीखालून आवाज आला, “काका, पोचलो का? मला भुईमुगाच्या शेंगा पाहिजेत.”

गृहस्थ रस्त्याकडेच्या मोरीवर मटकन बसले. मग सगळा उलगडा झाला, त्यात दहा मिनिटं गेली. दोघांनी शरदला यथेच्छ सुनावलं, सायकलवाल्याने तर ‘पढ़े-लिखे पागल’ असं निदानही केलं. पण परत कुणी फिरलं नाही. एवढ्या लांब आलोच आहोत तर पोरगी बसते का ते पाहूनच जाऊ, असं ठरलं. गृहस्थांनी शेंगा घेऊन दिल्या. कुमुदिनीने त्या आडव्यानेच खाल्ल्या.

पाच वाजून दहा मिनिटांनी शरदने पुतणीला आडवी उचलली आणि दोन्ही हातांवर, नव्या मूर्तीसारखी, फाटकापर्यंत नेली. मागे तेवीसजण. घीसालालने ही मिरवणूक पाहिली आणि तो शरदच्या कानाशी वाकला.

“बाबूजी, इतना तमाशा काहे को? पट्टी आपकी, मोहर आपकी, बिटिया आपकी. मैं उधर मुँह कर लेता हूँ. बिठा दो.”

शरदने फळीकडे पाहिलं. शिशाची मोहर उन्हात चमकत होती. एक क्षण, अगदी एक क्षण, त्याला वाटलं की घीसालालने विचारायला नको होतं, नुसतं तोंड फिरवायला हवं होतं. मग त्याला कुमुदिनी दिसली. ती हातांवर आडवी, श्वास रोखून, पोटात हवा भरून, त्याच्याचकडे पाहत होती.

“नाही,” शरद म्हणाला. “मुँह इधर रखो. नापो.”

त्याने तिला उभी केली. टाचा जमिनीला, पाठ फळीला. घीसालाल वाकला. चिंतामणरावांनी चष्मा पुसला. वहिनींनी डोळे मिटून घेतले. पितळेची पट्टी केसांना टेकली, आणि केस किंचित दबले.

“लग गई!” घीसालाल ओरडला.

शरदने खिशातून आपली घडीची मोजपट्टी काढून पुन्हा पाहिलं. शंभर सेंटीमीटर, एक मिलिमीटर. मागे तेवीस माणसांनी टाळ्या पिटल्या. त्यांत सर्वांत जोरात शाम, वहिनींच्या कडेवरून.

लहान मुलाबरोबर मोठं माणूस हवं, असाही नियम होता, तो शरदला माहीत होता. स्वतःला उंचीची भीती वाटते हे मात्र पाळणा हलेपर्यंत माहीत नव्हतं. पहिल्या फेरीला त्याने डोळे मिटले ते मिटलेच. खालचा गलका लहान झाला, वारा लागला, पाळणा माणसं घ्यायला थांबला; आणि नेमके ते दोघं सगळ्यांत वर होते.

“काका, तो निळा?”

शरदने एक डोळा उघडला. नैऋत्येला, शेतांच्या आणि झाडांच्या पलीकडे, एक निळसर कुबड होतं. गणित बरोबर आलं होतं. “तोच,” तो म्हणाला. “जानापाव.” घड्याळात पाच एकतीस झाले होते.

कुमुदिनीने हात हलवायला सुरुवात केली. आधी एक, मग दोन्ही. पाळणा हलला तशी शरदने दांडी घट्ट धरली.

“काका! दिसले!”

“कोण?”

“बाबा. हात हलवतायत.”

दिवाकर डोंगराच्याही पलीकडे होता. आणि डोंगरावर असता तरी एवढ्या अंतरावरून नुसत्या डोळ्याला दिसायला माणूस किमान तेरा मीटर उंच हवा. हा आकडा शरदने गुरुवारीच काढून ठेवला होता, तो ओठांपर्यंत आलाही. त्याने दांडीवरचा एक हात सोडवला, तो सोडवायला बराच वेळ लागला, आणि विचारलं, “कोणत्या हाताने?”

“उजव्या,” कुमुदिनी म्हणाली.

मग शरदनेही उजवा हात हलवला.

चार फेऱ्या झाल्या. खाली उतरल्यावर वहिनींनी कुमुदिनीच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला. अप्पासाहेब म्हणाले की त्यांच्या गजाने ती सकाळपासून पुरीच भरत होती. घीसालाल हसत म्हणाला, “बाबूजी, एक बार फिर नाप लो, ऊपर जाके घट तो नहीं गई?” शरदने त्याला दिवसभराचा नियम समजावून सांगितला, चकत्या वगैरे, आणि दाखवायला म्हणून कुमुदिनीला पुन्हा फळीशी उभी केली. अनवाणी, टाचा टेकलेल्या, घड्याळात सहाला दहा कमी. त्याने मोजलं. काटकोन्या पुसून पुन्हा मोजलं. मग चिंतामणरावांना वाचायला सांगितलं, आणि उभ्याउभ्याच वहीत लिहिलं :

‘कुमुदिनी. पाळण्यातून उतरल्यावर. १०० सेंटीमीटर, ३ मिलिमीटर.’